अर्धा सूर खाली

४ सप्टेंबर

ताई,

काल भाऊजींनी माझी अक्कलदाढ काढली. तोंडात कापूस, नळी, त्यांचे दोन्ही हात, आणि तेवढ्यात ते म्हणाले, "दोन वर्षं झाली, ही घरात साधं गुणगुणतसुद्धा नाही." मला उलट बोलायची सोय नव्हती. त्यांनी मुद्दाम ती वेळ साधली असणार, कारण एरवी मी त्यांना एक वाक्य तरी पुरं करू देते का? मग म्हणाले, "फोन ती घेणार नाही. तू लिही." आणि दाढ उपटली. आता डॉक्टर माणसानं असं बोलणं आणि उपटणं एकाच दमात करावं का, तूच विचार त्यांना.

म्हणून लिहितेय. सातवीत शाळा सोडलेल्या बाईचं पत्र आहे. चुका असतील, गोड बोलणं नसेल. ते तुला माझ्या एकोणीस वर्षांच्या साथीत मिळालं नाही, आता कुठून आणू?

पहिल्यांदा हे सांगते की मी मजेत आहे. तुला राग येईल, पण आहे. तू गाणं सोडून गेलीस तेव्हा वाटलं होतं की माझं पियानोवरचं दुकान बंद. गाणारीच गेली तर साथ कुणाला करायची? चार महिने नुसती पोरांच्या परीक्षांत साथ वाजवली. एका दिवसात अकरा बासरीवाले, सगळ्यांचा तोच तुकडा, आणि पहिले दहा त्याच जागी अडखळले. अकरावा अडखळला नाही तेव्हा मीच अडखळले, सवयीनं.

मग संगीत विद्यालयाच्या प्राचार्यांनी बोलावलं. तेच, मान तिरकी करून बोलणारे. म्हणाले, "साथीचा वेगळा वर्ग काढायचाय. तुम्ही घ्याल?" मी म्हटलं, "माझ्याकडे सर्टिफिकिट नाही." ते म्हणाले, "ज्यांच्याकडे आहे त्यांना मी ऐकलंय." अर्ज तरी भरावाच लागला. शिक्षण या रकान्यात 'सातवी' लिहिलं आणि अनुभव या रकान्यात 'चौदाव्या वर्षापासून' लिहिलं. कारकुनानं दोन्हीकडे दोनदा बघितलं.

तर आता माझ्या हाताखाली नऊ जण आहेत. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, दोन खिडक्या, एक चांगला पियानो आणि एक ज्याच्या खालच्या तीन पट्ट्या पावसाळ्यात चिकटतात. ही पोरं सगळी एकट्यानं वाजवायला शिकून आलेली. बोटं कशी पळतात म्हणून सांगू! पण शेजारी माणूस गातंय याचा पत्ता नाही. म्हणून पहिला महिना मी त्यांना पियानोला हात लावू देत नाही. दोघांनी एक टेबल उचलायचं आणि तीन मजले उतरून खाली न्यायचं, एक शब्द न बोलता. वर आणायचं तेही तसंच. 'थांब', 'इकडे', 'हळू' काही नाही. पुढचा कधी दमला हे मागच्याला टेबलाच्या वजनावरून कळलं पाहिजे. प्राचार्य कुरकुरतात, एका टेबलाचा पाय गेलाय. मी म्हटलं, टेबलाचा गेला, गाणारीचा गेला नाही ना.

मला खडूसबाई म्हणतात. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. बरं चाललंय.

आणि त्या गोष्टीबद्दल म्हणशील तर ताई, माझं म्हणणं तेच आहे. तुला सर्दी होती. तुझा गळा वाचावा म्हणून मी शेवटचं गाणं अर्धा सूर खाली घेतलं. तुझ्या भल्यासाठी घेतलं. त्याचं एवढं काय?

दाढ अजून ठणकतेय. भाऊजींना सांग.

तुझी,
खडूस


१२ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही. नसो. पण या आठवड्यात वर्गात एक प्रकार झाला तो तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझ्या नऊ जणांत एक मुलगी आहे, तिला आम्ही चिमणी म्हणतो. एवढीशी, पण तिचे कान असे की बाजूच्या खोलीत कोणी पान उलटलं तर सांगेल, कुठलं पान. तिची जोडी एका गाणाऱ्या मुलीशी लावली होती, ती कायम घाबरलेली, कायम रुमाल नाकाला. सोमवारी छोटा कार्यक्रम होता, तीस-चाळीस माणसं, बहुतेक आईबापच. घाबरट मुलगी उभी राहिली, चिमणीनं सुरुवात वाजवली आणि दुसऱ्याच सुराला माझी मान वर झाली. अर्धा सूर खाली. कुणाला कळलं नाही. त्या मुलीलाही कळलं नाही. सुरेख गायली. वरचा सूर जो आठवडाभर तिच्या घशात अडकत होता तो असा अलगद सुटला की तिची आई रडायला लागली. ती मुलगी आत येऊन चिमणीच्या गळ्यात पडली, "बघितलंस, आज कसा लागला!"

ताई, हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं ते तुला सांगायला नको.

सगळे गेल्यावर मी चिमणीला थांबवलं आणि जे झाडलं, जे झाडलं! कोणी विचारलं होतं तुला? तिची पट्टी ती तिची. तू कोण ठरवणारी? चिमणी खाली मान घालून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "पण बाई, गाणं छान झालं ना? मग कुणाचं काय बिघडलं?"

मी म्हटलं, "उद्या ती दुसऱ्या कुणाबरोबर उभी राहील तेव्हा बिघडेल."

"मग मी तिला कायम साथ करीन."

"आणि तू आजारी पडलीस तर?"

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही असं कधीच केलं नाही?"

मी म्हटलं, "नाही."

एवढ्या खणखणीत आवाजात म्हटलं की तिनं माफी मागितली. घरी आले. आमच्या ह्यांनी दुकानात किल्ल्या घासता घासता विचारलं, "आज कुणाला मारलंस?" मी म्हटलं, "मारलं नाही, खोटं बोलले." ते म्हणाले, "मग तर जास्तच लागलं असेल," आणि पुन्हा घासायला लागले.

तर आता खरं. मागच्या पत्रात लिहिलं तसं एकदाच नव्हतं. पहिल्यांदा सर्दी होती, ते खरं. तू त्या दिवशी आत आलीस, शाल खुर्चीवर फेकलीस आणि मला म्हणालीस, "बघितलंस, आज गळा कसा लागला? माझं वय झालं म्हणणाऱ्यांच्या तोंडात मारली!" तू इतकी खूश होतीस ताई की माझी जीभ रेटेना. दुसऱ्या वेळी सर्दी नव्हती. तरी घेतलं. मग आपल्या त्या अकरा गाण्यांच्या संचातली तीन, मग अकराच्या अकरा. डोळ्यांनी छापलेलं वाचायचं आणि बोटांनी अर्धा सूर खाली वाजवायचं. त्याचं मला काही नाही, परीक्षांत सर्दीवाल्या पोरींसाठी आयुष्यभर तेच केलं, पण त्या मला विचारून मागायच्या.

तालमीतसुद्धा केलं. तुझ्या घरच्या पियानोवरसुद्धा केलं. तू एकटी कधी त्याला हात लावायची नाहीस. "तो तुझा प्रांत, मला त्यातलं काही कळत नाही," म्हणायचीस.

तीन वर्षं, ताई. मोजून तीन वर्षं.


१३ सप्टेंबर

ताई,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि परत येताना जिन्यावर बसले. अजून एक गोष्ट राहिली होती, आणि ती आज लिहिली नाही तर मी ती कधीच लिहिणार नाही, हे मला माझ्यापुरतं पक्कं माहीत आहे.

मला पन्नाशीत कांजिण्या झाल्या आणि तुला त्या टायवाल्या पियानोवाल्याबरोबर गावं लागलं. तालीम तुम्ही अर्ध्या आवाजात उरकलीत. कार्यक्रमात त्यानं छापलंय तसं वाजवलं, त्याचा काय दोष? आणि शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या सुराला तुझा आवाज फाटला. चारशे माणसांसमोर. मी नव्हते तिथे. भाऊजींनी सांगितलं की तू नमस्कार करायलाही थांबली नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू फोन केलास. रडत नव्हतीस. तू विचारलंस, "त्यानं पट्टी चढवली होती का गं? मला पहिल्यापासून वाटत होतं, काहीतरी वर आहे." तेव्हा खरं बोलायला मला अर्धं मिनिट होतं. मी अंगभर फोड खाजवत होते आणि मी म्हटलं, "त्या हॉलचा पियानोच चढा लावलेला असेल. तिथला जुळवणारा म्हातारा झालाय, त्याला ऐकू येत नाही."

ताई, मी त्या माणसाला ओळखतसुद्धा नव्हते.

तू हॉलवाल्यांना फोन केलास. त्यांनी त्याला बोलावून सुनावलं. पुढचं तुला माहीत आहे. तो म्हातारा हातात सूर तपासायचा स्वरकाटा घेऊन, तीन बस बदलून तुझ्या घरी आला, कारण चाळीस वर्षांत त्याच्या पियानोला कोणी नाव ठेवलं नव्हतं. भाऊजींनी आपल्या शेवटच्या तीन वर्षांच्या कार्यक्रमांच्या टेपा लावल्या. त्यानं छापलेली गाणी पुढ्यात घेतली आणि काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. एक टेप, दुसरी, तिसरी. सगळ्या अर्धा सूर खाली. आणि त्या सगळ्यांत वाजवणारी एकच.

तू माझ्याकडे आलीस तेव्हा माझ्या खपल्या पडत होत्या. तू आरडाओरडा केला असतास तर मी तुझ्या दुप्पट केला असता, मला जमतं ते. पण तू एवढंच विचारलंस, "मग मी खरं किती गायले?"

आणि मी म्हटलं, "जेवढं जमत होतं तेवढं."

ते वाक्य मला परत घ्यायचंय. इतर सगळ्याचा हिशेब राहू दे, ते एक वाक्य. ते मी चिडून बोलले, पकडली गेले म्हणून चिडले होते, तुझ्यावर नाही. खरं तर तेही सांगते, मी तुझ्या भल्यासाठी केलं हे काही सगळं खरं नाही. पहिल्या वेळी असेल. नंतर मला ते आवडायला लागलं होतं. लोक टाळ्या वाजवायचे तुझ्यासाठी, फुलं तुला, फोटो तुझा, आणि मी मागे उभी राहून मनात म्हणायचे की हिला माहीत नाही, पण हे मी धरून ठेवलंय. माझ्या दोन हातांवर. चौदाव्या वर्षापासून नाचाच्या वर्गात एक-दोन-तीन-चार वाजवणाऱ्या बाईला असं काहीतरी पाहिजे होतं. आईनं त्याच विद्यालयाच्या फरशा पुसल्या, मी पियानोखाली बसून ऐकलं, म्हाताऱ्या मास्तरांनी दया येऊन शिकवलं, आणि एवढं करून माझं नाव कार्यक्रमाच्या कागदावर तुझ्या खाली, बारीक अक्षरात. कुरकुर नाही, तसंच असतं ते. पण ते बारीक अक्षर मला टोचत होतं आणि मी तुला कधी सांगितलं नाही.

झालं. आता हलकं वाटतंय असं लिहिणार होते, पण नाही वाटत. भूक मात्र लागलीय.


२४ सप्टेंबर

ताई,

तुझं कार्ड आलं. चार शब्द. 'आधी त्यांच्याकडे जाऊन ये.' सही नाही, काही नाही. आमचे हे म्हणाले, "हे पत्र आहे का चिठ्ठी?" मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, दोन वर्षांनी आलंय ते.

गेले. रविवारी. तीन बस खऱ्याच लागतात, आणि तिसरीला बसायला जागा मिळत नाही. त्या वयात तो माणूस तुझ्याकडे उभ्यानं आला होता हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

ते तळमजल्यावर एका खोलीत राहतात. खोलीत एक पियानो उघडा पडलेला, आतड्यांसकट, आणि ते त्यात अर्धे आत. मी दारातूनच म्हटलं, "मी ती. ज्या बाईनं तुम्हाला बहिरं म्हटलं ती." म्हातारबाबा बाहेर आले, चष्मा पुसला, मला नीट बघितलं. म्हणाले, "बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो." मी उभीच राहिले. जे बोलायचं ते बोलले. हॉलवाल्यांनाही चिठ्ठी लिहून आणली होती, ती वाचून दाखवली. प्राचार्यांनी तपासून दिली होती, त्यामुळे ती जरा बरी होती.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "अकराच्या अकरा गाणी तुम्ही वाचता वाचता खाली उतरवायचात?"

मी म्हटलं, "हो."

"एकही चूक नाही?"

"टेपेत ऐकलीत का एखादी?"

"नाही ऐकली," ते म्हणाले. "म्हणून तर तिसऱ्या टेपेपर्यंत माझा माझ्याच कानांवरचा विश्वास उडत चालला होता. दोन रात्री झोपलो नाही मी, बाई." आणि हे म्हणताना त्यांचा आवाज असा झाला की मी खुर्चीवर बसले, हलत्या पायाच्या.

चहा झाला. निघताना मी विचारलं, भरपाई म्हणून काय करू? म्हणाले, "तुमच्या विद्यालयातल्या पोरांना सांगा, पियानोवर चहाचे कप ठेवू नका. चाळीस वर्षं सांगतोय." मी म्हटलं, ठेवू देणार नाही, ठेवला तर बोट तोडीन. ते हसले. दात दोनच आहेत, भाऊजींना सांग, गिऱ्हाईक आहे.

सोमवारी वर्गात कपाचं सांगितलं. मग दार लावून घेतलं आणि नऊच्या नऊ जणांना बसवून दुसरंही सांगितलं. सगळं. तुझं नाव घेतलं नाही, 'एक मोठी गाणारी' म्हटलं, पण चिमणीला कळलं असणार. मी तिला म्हटलं, "परवा तू विचारलंस आणि मी नाही म्हटलं. ते खोटं होतं." शेवटी मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, मग आता त्या कुठे आहेत?"

मी म्हटलं, "घरी. गात नाहीत."

चिमणी त्याच दिवशी त्या घाबरट मुलीकडे गेली आणि तिला सांगून टाकलं. दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, जिन्यात, मी वरून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी घाबरट मुलगी माझ्याकडे आली, रुमाल नाही, काही नाही, आणि म्हणाली, "मला ते गाणं खालच्याच पट्टीत पाहिजे. पण मी मागतेय म्हणून." एवढं ठाम ती पहिल्यांदाच बोलली असेल जन्मात.

ताई, मंगळवारी अकरा ते एक माझा वर्ग असतो. पोरांना खरी गाणारी बघायला मिळाली तर बरं होईल. त्यांना टेबलं उचलून कंटाळा आलाय. एवढंच कारण आहे असं मी लिहिणार होते, पण खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय. मला तू गायला पाहिजेस. माझ्याबरोबर नको गाऊस. दुसऱ्या कुणाबरोबर गा, पण गा. भाऊजी म्हणतात तू खिडकी पुसतेस तेव्हाही गप्प असतेस. ते मला सहन होत नाही. ते मी केलंय.


९ ऑक्टोबर

ताई,

काल तू निघताना जिन्यात म्हणालीस, "आता बोलू नकोस, तू बोललीस की भांडण होतं. लिही." म्हणून लिहिते. नाहीतर तू दोन गल्ल्या पलीकडे राहतेस आणि मी तिकिटं चिकटवत बसलेय, पोस्टमन हसतो.

तू अकराला येतेस म्हणून मी साडेनवापासून पियानो पुसत होते. तू आत आलीस, कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही, पियानोच्या कडेच्या वळणात उभी राहिलीस तशीच, जशी एकोणीस वर्षं राहायचीस. मी स्टुलावर बसले होते. हात मांडीवर. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू ऊठ. ती लहान मुलगी वाजवेल."

लागलं मला. लागणारच. उठले.

चिमणीचा चेहरा बघितलास? पांढरीफटक. तू म्हणालीस, "शेवटचं गाणं. दीड सूर खाली." अर्धा नाही, एक नाही, दीड! ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? त्यांनी सांगितलं ना?" पोरीनं दोनदा चुकवलं. दोन्ही वेळा तू थांबलीस, "पुन्हा" म्हणालीस, आणि पुन्हा घेतलंस. मी असते तर चुकवलं नसतं. पण मग तू थांबली नसतीस.

मी तिसऱ्या बाकावर बसले होते, दोन पोरांच्या मध्ये. आणि ताई, मी तुला समोरून कधी ऐकलंच नव्हतं. एकोणीस वर्षं मी तुझी पाठ ऐकली. श्वास घ्यायच्या आधी तुझा उजवा खांदा किती वर जातो ते मला झोपेत विचार. पण तोंड कसं दिसतं ते कालच बघितलं. डावी भुवई पार कपाळात जाते. इतकी वाईट दिसते, तुला कुणी सांगितलं कसं नाही? भाऊजी घाबरले असतील.

आणि तो आवाज. मी तीन वर्षं ज्या आवाजाला वर टिकवून धरायला बघत होते तो हा नव्हताच. हा खालचा, जाड, कडेला थोडा खरखरीत, आमच्या ह्यांच्या दुकानातल्या घासून काढलेल्या पितळेसारखा. अर्धा सूर उतरवून मी तुला जिथे होतीस तिथेच ठेवत होते. तुला दीड सूर उतरायचं होतं, पाऊल टाकून, स्वतःच्या पायानं, आणि मी रस्त्यात उभी होते. हे मला तिसऱ्या बाकावर बसून कळलं. बाजूचा पोरगा म्हणाला, "बाई, रुमाल हवा का?" मी म्हटलं, "गप्प बस आणि ऐक."

गाणं संपल्यावर तू त्यांना म्हणालीस ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवलंय. तू म्हणालीस, "तुमच्या बाईंनी मला तीन वर्षं फसवलं. इतकं सुंदर की ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं होती. आणि आता त्यातला एकही दिवस मला माझा म्हणता येत नाही. हे लक्षात ठेवा." मग तू म्हणालीस, "आता कोण वाजवणार? सगळ्यांना एकेक गाणं," आणि नऊच्या नऊ हात वर गेले. एक वाजून गेला, शिपाई दोनदा डोकावून गेला. घाबरट मुलीला तू श्वास पोटातून घ्यायला शिकवताना जमिनीवर आडवं झोपवलंस, तिच्या पोटावर माझं नोटेशनचं जाडं बाड ठेवलंस आणि म्हणालीस, "हे वर-खाली झालं पाहिजे. ह्या बाडाचा एवढा तरी उपयोग होऊ दे." पोरं खो-खो हसली. मीही हसले. टोमणा मला होता तरी.

प्राचार्य संध्याकाळी विचारत होते, त्या बाई दर मंगळवारी येतील का. मी म्हटलं, मला विचारू नका, त्यांना विचारा. तेवढं मी शिकलेय.

आता जिन्यातलं. तू दुसऱ्या मजल्यावर थांबलीस, कठड्याला हात धरून, आणि म्हणालीस, "तुझ्याबरोबर एकदा गाईन. एकच गाणं. तू निवड, पट्टी मी सांगीन. आणि माझा आवाज फाटला तर फाटू दे. लोकांसमोर फाटू दे. हात लावू नकोस." मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा तू म्हणालीस, लिही.

तर ऐक. सांभाळायची खोड माझ्या बोटांत चाळीस वर्षं मुरलेली आहे. ती अशी एका पत्रानं जाणार नाही. फाटायच्या आधी मला कळेल, तुझा खांदा बघूनच कळेल, आणि माझे हात पळतील तुला झेलायला. मी त्यांना धरून ठेवीन. तू सांगितलंस त्या पट्टीत, त्याच जागी, यायला हवा तोच सूर वाजवीन, आणि तू पुन्हा येईपर्यंत थांबेन. किती का वेळ लागेना. लोक खोकू देत.

सकाळी सगळा संच काढून बसले होते. अकरातलं सोपं निवडावं असं पहिल्यांदा मनात आलं, तुला बरं पडेल असं. मग लक्षात आलं की हेही तेच झालं. तेव्हा मी मला जे आवडतं ते निवडलंय. शेवटचं.

पट्टी कळव.